आर्गॉन–कार्बन डायऑक्साइड संकुलाचा इन्फ्रारेड स्पेक्ट्रम: मिश्रण भरण्यापासून रेषा ओळखण्यापर्यंत

"सर, स्पेक्ट्रम आलाय, पण फिट बसत नाहीये." सुपरसॉनिक झोतावर (निर्वातात ध्वनीहून वेगाने सुटणारा आणि त्यामुळे अतिथंड होणारा वायू) नव्याने काम करणाऱ्या मुलांकडून हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता फिट (मोजलेल्या रेषांशी गणिती मॉडेल जुळवणं) बघायच्या आधी एकच प्रश्न विचारतो: "आर्गॉन न घालता एकदा स्पेक्ट्रम घेतलास का?" बहुतेकांनी घेतलेला नसतो. मिश्रण भरलं, लेसर तरंगलांबीवर फिरवला, रेषा दिसल्या आणि त्या संकुलाच्याच आहेत असं धरून फिटिंगला बसले, असा क्रम झालेला असतो. त्या रेषांमध्ये डायमर (एकमेकांना चिकटलेले कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू) असतो, हेलियमचं संकुल असतं, खोलीतली हवा असते, आणि कधीकधी दोन आरशांमधली नुसती फ्रिंजही (प्रकाश मागे-पुढे परावर्तित होऊन उमटणारी लाटांची नक्षी) असते.

म्हणून या लेखात सगळा भर क्रमावर आहे. संकुल सगळ्यात शेवटी शोधायचं. त्याआधी जे जे संकुल नाही ते सगळं ओळखून बाजूला ठेवायचं. उदाहरण एकच घेतोय: आर्गॉनचा एक अणू आणि कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू, व्हॅन डर वाल्स बलाने जेमतेम धरलेले. मोजायचं आहे ते कार्बन डायऑक्साइडचं असममित ताणाचं कंपन, ४.३ मायक्रॉनच्या पट्ट्यात. साधनं अशी धरली आहेत: पल्स मारणारी फटीची नोझल, डीएफबी (डिस्ट्रिब्युटेड फीडबॅक) प्रकारचा, एका वेळी एकाच तरंगलांबीवर चालणारा क्वांटम कॅस्केड लेसर आणि द्रव नायट्रोजनने थंड केलेला इंडियम अँटिमोनाइड डिटेक्टर. तुमचं यंत्र वेगळं असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

टप्पा १: कागदावरची तयारी

लेसर चालू करायच्या आधी एका कागदावर पुढचे आकडे मोठ्या अक्षरात लिहा आणि टेबलासमोर चिकटवा. सगळे तरंगांक (एका सेंटिमीटरमधल्या लाटांची संख्या) सेंमी⁻¹ मध्ये आहेत.

सुट्या कार्बन डायऑक्साइडच्या पट्ट्याचा उगम, म्हणजे फिरणं वगळून निव्वळ कंपनाचा तरंगांक, २३४९.१४३ ला आहे. कंसातला आकडा म्हणजे खालच्या अवस्थेतला जे, फिरण्याचा क्रमांक; आर-रेषेत तो एकाने वाढतो, पी-रेषेत एकाने कमी होतो. त्याच्या झोतात दिसणाऱ्या रेषा: पी(४) २३४५.९८५, पी(२) २३४७.५७६, आर(०) २३४९.९१७, आर(२) २३५१.४४८. ऑक्सिजन-१६ च्या केंद्रकाला स्पिन नाही, त्यामुळे खालच्या अवस्थेत फक्त सम जे असतात. पी(१), आर(१), पी(३) या रेषा नसतातच.

आर्गॉन जोडला की उगम सुमारे ०.४७ ने खाली सरकतो, म्हणजे २३४८.६७ च्या आसपास येतो. संकुलाचा आकार इंग्रजी टी अक्षरासारखा आहे. आर्गॉन कार्बनच्या बाजूला, साधारण ३.५ अँगस्ट्रॉमवर बसतो. रोटेशनल स्थिरांक ढोबळमानाने असे: ए ०.३९७, बी ०.०६६, सी ०.०५६. कंपनाचा द्विध्रुव ओ–सी–ओ अक्षावर हलतो. तो संकुलाचा बी-अक्ष आहे, म्हणून निवडनियम के मध्ये (आर्गॉन–कार्बन अक्षाभोवतीच्या फिरण्याचा क्रमांक) अधिक-उणे एक. सम-विषमाचा नियम इथेही लागू होतो: खालच्या अवस्थेत के सम, वरच्या अवस्थेत के विषम.

यावरून उपपट्टे (के च्या एकाच बदलाच्या रेषांचे गट) मोजके निघतात. के ० वरून १ ला जाणारा उपपट्टा २३४९.०१ पाशी, २ वरून १ ला जाणारा २३४७.६६ पाशी आणि २ वरून ३ ला जाणारा २३५०.३५ पाशी. आता हे आकडे सुट्या रेणूच्या रेषांशेजारी ठेवून बघा. पहिला उपपट्टा पी(२) आणि आर(०) यांच्यामधल्या मोकळ्या जागेत पडतो. तो सोपा. दुसरा पी(२) पासून ०.०९ वर, म्हणजे अगदी दाराशी. तिसऱ्याच्या शेजारी कार्बन डायऑक्साइडचा डायमर बसलेला आहे, त्याचा उगम २३५०.७७ ला आहे. सुरुवात कुठून करायची हे इथेच ठरलं. तरीही अनेक जण लेसर ज्या तापमानाला सहज चालतो तिथून सुरुवात करतात आणि थेट डायमरच्या गर्दीत शिरतात.

*तपासणी:* या कागदाकडे बघून "पहिली रेषा कुठे दिसायला हवी?" याचं उत्तर एका आकड्यात देता आलं पाहिजे. उत्तर: के ० वरून १ ची आर(०), २३४९.१३ पाशी. येत नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: मिश्रण

खोलीच्या तापमानाला केटी (बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान, म्हणजे उष्णतेच्या ऊर्जेचं माप) सुमारे २०८ सेंमी⁻¹ असतो, आणि या संकुलाची बंधऊर्जाही साधारण तेवढीच आहे. सिलिंडरमध्ये संकुल जवळजवळ नसतंच. ते झोतात, थंड होताना घडतं. मिश्रणाचं काम एवढंच की झोतात एक आर्गॉन एका कार्बन डायऑक्साइडला भेटावा आणि दुसऱ्याने मध्ये पडू नये.

इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे वाहक वायू म्हणून शुद्ध आर्गॉन वापरणं. "आर्गॉनचंच संकुल हवंय, तर आर्गॉन भरपूर घालू" हे ऐकायला बरोबर वाटतं. पण मग दोन-तीन-चार आर्गॉन चिकटतात. दोन आर्गॉन असलेल्या संकुलाचं सरकणं एकाच्या जवळजवळ दुप्पट असतं, आणि तुमच्या पट्ट्याची पी-शाखा नेमकी त्या बाजूला पसरलेली असते. वाहक हेलियम ठेवा. सुरुवातीला कार्बन डायऑक्साइड ०.१५ टक्के आणि आर्गॉन ४ टक्के, बाकी हेलियम.

दहा लिटरच्या सिलिंडरमध्ये एकूण १० बार भरायचं असेल तर क्रम असा:

१. सिलिंडर आणि सगळी नळी निर्वात करा. व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटं थांबा. दाब चढला तर गळती आहे. ती आधी शोधा.

२. कार्बन डायऑक्साइड १५ मिलिबार. हा आकडा १० बारच्या सुईच्या गेजवर वाचताच येत नाही. कपॅसिटन्स मॅनोमीटर लागतो. सुईच्या गेजवर "किंचित हललं" म्हणून भरलेलं मिश्रण ०.५ टक्क्यांचंही असू शकतं.

३. आर्गॉन, एकूण ४१५ मिलिबारपर्यंत.

४. हेलियम, एकूण १० बारपर्यंत. हा निरपेक्ष दाब आहे. रेग्युलेटरचा गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो, म्हणजे त्यावर ९ दिसले पाहिजेत.

५. सिलिंडर आडवा करून रात्रभर ठेवा.

पाचवी पायरी सगळे वगळतात. अरुंद गळ्यातून हेलियम जोरात आत आला की आधीचा वायू तळाशी ढकलला जातो आणि मिसळायला तासन्‌तास लागतात. मी स्वतः एकदा भरल्या-भरल्या काम सुरू केलं होतं. पहिल्या तासात बाहेर आला तो जवळजवळ नुसता हेलियम. दुपारी अचानक रेषा उगवल्या आणि मी खूश होऊन त्याचं श्रेय नोझलच्या नव्या जुळणीला दिलं. ती जुळणी मग पुढचे तीन दिवस कोणालाही हलवू दिली नाही.

*तपासणी:* सुट्या रेणूची आर(०) रेषा एक तासभर दर दहा मिनिटांनी मोजा. तिची उंची सारखी राहिली तरच मिश्रण झालं.

टप्पा ३: वायूचा आणि पंपाचा हिशेब

फट ४० मिलिमीटर लांब आणि ०.१ मिलिमीटर रुंद धरा, मागचा दाब ४ बार. हेलियम अशा फटीतून ध्वनीच्या वेगाने बाहेर पडतो. एक मिलिसेकंदाच्या पल्सला ढोबळमानाने ९ मिलिबार-लिटर वायू जातो. सिलिंडरमधल्या १० बारपैकी ४ बारपर्यंतचाच भाग वापरता येतो, म्हणजे ६० बार-लिटर. म्हणजे साधारण साडेसहा हजार पल्स. सेकंदाला एक या दराने पावणेदोन तास, सेकंदाला पाच या दराने वीस-बावीस मिनिटं.

हा हिशेब न करता सेकंदाला दहा पल्सवर नोझलची जुळणी करत बसलं की मोजणीला वायूच उरत नाही. जुळणी स्वस्त मिश्रणावर करा, म्हणजे हेलियममध्ये थोडा कार्बन डायऑक्साइड. तेच मिश्रण पुढे टप्पा ६ ला लागणार आहे.

पंप तासाला १००० घनमीटर ओढणारा असेल तर सेकंदाला एक पल्सला चेंबरमधला सरासरी दाब ०.०३ मिलिबारच्या आसपास बसतो. पन्नास लिटरच्या चेंबरमध्ये प्रत्येक पल्सनंतर दाब क्षणभर ०.१८ मिलिबारने उडी मारतो आणि पुढच्या पल्सच्या आत खाली यायला हवा. येत नसेल तर दर कमी करा.

टप्पा ४: लेसरचा मार्ग आणि खोलीतली हवा

हवेत कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या वर आहे. ऐकायला किरकोळ वाटतं. पण या पट्ट्यात एक मीटर साध्या हवेत आर(०) च्या मध्याशी निम्म्याहून जास्त प्रकाश गिळला जातो. पी(२) ला त्याहून जास्त. शिवाय हवेच्या दाबामुळे त्या रेषा रुंद होतात आणि त्यांचे पंख तुमच्या मोकळ्या जागेत पसरतात. लेसरपासून डिटेक्टरपर्यंतचा संपूर्ण मार्ग डब्यात बंद करून कोरड्या नायट्रोजनने धुवावा लागतो. डबा म्हणजे ॲक्रिलिकची पेटी आणि रबराची पट्टी, एवढं पुरतं. सांधे मात्र नीट हवेत.

आणि डब्याजवळ वाकून बोलू नका. उच्छ्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणजे हवेच्या शंभरपट. आमच्याकडे एक आठवडा बेसलाइन रोज सकाळी अकरानंतर डुलायची. आम्ही लेसरच्या करंटवर संशय घेत होतो. अकरा वाजता यायचा तो एक सहकारी. त्याची खुर्ची डब्याच्या उघड्या राहिलेल्या केबलच्या भोकासमोर होती.

कोकणात किंवा मुंबईत काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. जुलैत तिथे दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो. लेसर १० अंशांवर चालवला आणि त्याच्या खोक्यात कोरडा वायू नसला, तर चिपवर पाणी जमतं. आधी वायू सोडा, अर्धा तास थांबा, मग तापमान उतरवा. बंद करताना उलट क्रम: आधी तापमान खोलीइतकं वर, मग वायू बंद.

*इशारा:* हा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, इजा मात्र करतो. त्या तरंगलांबीचा चष्मा घाला. नायट्रोजनने धुणं आणि द्रव नायट्रोजन एकाच बंद खोलीत चालू असतील तर हवा खेळती ठेवा. ऑक्सिजन कमी झाल्याचं माणसाला कळत नाही.

*तपासणी:* दहा सेंटिमीटरच्या सेलमध्ये १ मिलिबार कार्बन डायऑक्साइड भरा आणि आर(०) वरून लेसर फिरवा. रेषेचा मध्य इतका शोषला जातो की तिथे प्रकाश शून्य झाला पाहिजे. आता बीमसमोर पुठ्ठा धरून डिटेक्टरचं अंधारातलं वाचन घ्या. रेषेचा तळ आणि हे वाचन जुळले पाहिजेत. तळ वरच राहिला तर लेसर दुसऱ्याही मोडमध्ये, म्हणजे आणखी एका तरंगांकावर, चालतोय किंवा विखुरलेला प्रकाश आत शिरतोय. ही तपासणी न करता काढलेल्या शोषणाच्या उंचीला काही अर्थ नाही.

टप्पा ५: आधी सुटा रेणू

आता झोत सुरू करा, पण आर्गॉन नको. हेलियममधला कार्बन डायऑक्साइड सोडा आणि तीन गोष्टी ठरवा.

पहिली, वेळ. लेसर आर(०) च्या मध्यावर स्थिर ठेवा आणि व्हॉल्व्हच्या ट्रिगरपासून शोषण कधी सुरू होतं, कधी सपाट होतं, कधी संपतं ते ऑसिलोस्कोपवर बघा. व्हॉल्व्ह ट्रिगरनंतर शेकडो मायक्रोसेकंद उशिरा उघडू शकतो. नोझलपासून बीमपर्यंतच्या एका सेंटिमीटरला हेलियमच्या झोताला फक्त ६ मायक्रोसेकंद लागतात, त्याची काळजी नको. लेसरचा स्वीप (तरंगांक फिरवण्याची एक फेरी) मधल्या सपाट भागात बसवा. पल्सच्या सुरुवातीचा किंवा शेवटचा वायू नीट थंड झालेला नसतो.

दुसरी, तापमान. आर(०), आर(२) आणि पी(२) यांच्या उंचीवरून बोल्ट्झमनचा आलेख (पातळीची ऊर्जा विरुद्ध तिथल्या रेणूंच्या संख्येचा लॉग) काढा. मात्र आर(०) खूप खोल असेल तर ती सपाट होते आणि तापमान खोटं येतं. मिश्रण पातळ करून परत घ्या.

तिसरी, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी: आर(६), २३५४.४३४ ला. जे ६ ची ऊर्जा १६.४ सेंमी⁻¹ आहे. २ केल्व्हिनला तिथे जे ० च्या तुलनेत दहा हजारांत एखादाच रेणू असतो. म्हणून झोतात ही रेषा दिसायलाच नको. दिसत असेल तर तो चेंबरच्या भिंतींपाशी साठलेला कोमट वायू आहे. पंप पुरत नाही, किंवा पल्स लांब झालीय. टप्पा ३ वर परत जा.

*तपासणी:* रेषेची रुंदी. खोलीच्या तापमानाला कार्बन डायऑक्साइडची डॉप्लर रुंदी ०.००४४ सेंमी⁻¹ येते. फटीच्या झोतात ती याच्या निम्म्याच्या आसपास यायला हवी, कारण फटीच्या लांबीच्या दिशेने वेग फार विखुरलेला नसतो. रुंद रेषेच्या डोक्यावर अरुंद टोक बसलेलं दिसलं, तर रुंद भाग कोमट वायूचा आहे.

टप्पा ६: कोऱ्या चाचण्या

हाच टप्पा लोक वगळतात, आणि हा लेख त्याच्यासाठीच लिहिलाय. चार स्पेक्ट्रम घ्यायचे. चारही एकाच तरंगांकपट्ट्यात, म्हणजे २३४७.३ ते २३५१.०, एकाच दाबाला आणि एकाच दिवशी.

क. नुसता हेलियम. काहीही दिसायला नको. जे दिसेल ते यंत्राचं आहे. व्हॉल्व्ह आपटतो, टेबल थरथरतं, आरसे हलतात आणि फ्रिंज सरकते. वायू असताना आणि नसताना यांतला फरक काढला तरी हा डोल उरतो, कारण हादरा फक्त वायू असतानाच बसतो.

ख. हेलियम आणि कार्बन डायऑक्साइड. यात सुटा रेणू, डायमर आणि झोत पुरेसा थंड असला तर हेलियमचं संकुल दिसेल. हेलियमच्या संकुलाचा उगम वरच्या बाजूला ०.०९५ ने सरकलेला, म्हणजे २३४९.२४ पाशी आहे. तुमच्या के ० वरून १ च्या आर-शाखेच्या मधोमध. ही रेषा आर्गॉनच्या खात्यात जमा झालेली मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे.

ग. पूर्ण मिश्रण.

घ. पूर्ण मिश्रण, पण कार्बन डायऑक्साइड दुप्पट. आर्गॉनच्या संकुलाच्या रेषा साधारण दुप्पट होतील, डायमरच्या जवळजवळ चौपट. के २ वरून ३ च्या उपपट्ट्यात कोण कोणाचं आहे हे ठरवायला यापेक्षा सोपा मार्ग मला माहीत नाही.

"ग" मध्ये आहे आणि "ख" मध्ये नाही, फक्त तेच आर्गॉनचं. बाकीच्या रेषांवर आत्ताच पेन्सिलने फुली मारा. फिट बसेना की याच रेषा "बहुतेक आपल्याच असाव्यात" असं मन सांगायला लागतं.

टप्पा ७: प्रत्यक्ष मोजणी

टप्पा ६ नीट झाला असेल तर हे काम यांत्रिक आहे. लेसरचा करंट मिलिसेकंदाच्या आत चढवून एका स्वीपमध्ये अर्धा सेंमी⁻¹ व्यापा. एक स्वीप वायूसह, लगेच पुढचा वायूविना, दोघांचा भागाकार. शेकडो पल्सची सरासरी. मग लेसरचं तापमान बदलून पुढचा तुकडा, मागच्याशी किमान ०.१ ने आच्छादित.

एका जाळ्याबद्दल मात्र बोलायलाच हवं. या संकुलाच्या के ० वरून १ च्या उपपट्ट्यात आर-रेषांमधलं अंतर ०.११ च्या आसपास आणि पी-रेषांमधलं ०.१३ च्या आसपास असतं. आता दोन समांतर पृष्ठभागांमध्ये ४.१ सेंटिमीटर मोकळं अंतर असेल तर फ्रिंजचं अंतर किती? एक भागिले दुप्पट लांबी: ०.१२२. अगदी तुमच्या रेषांइतकं. फटीच्या दोन्ही टोकांना चिकटून खिडक्या बसवल्या असतील तर हे अंतर आपोआप तयार होतं. खिडक्या पाचरीच्या आकाराच्या घ्या किंवा तिरक्या बसवा.

*तपासणी:* फ्रिंजचं अंतर सगळीकडे सारखं असतं. खऱ्या रोटेशनल रेषांचं नसतं: आर-बाजूला ते हळूहळू आवळतं, पी-बाजूला सैल होतं. सलग चार अंतरं मोजून अगदी एकसारखी आली तर आनंद आवरा.

टप्पा ८: तरंगांकाची पट्टी

स्वीप करंटच्या प्रमाणात सरळ जात नाही, म्हणून एटेलॉन (सारख्या अंतराच्या फ्रिंज देणारी, पट्टीसारखी वापरायची पारदर्शक सळी) हवाच. साडेसात सेंटिमीटर लांबीच्या जर्मेनियमच्या सळीचं फ्रिंज-अंतर ०.०१६ च्या आसपास येतं. ते सळीवरच्या चिठ्ठीवरून घेऊ नका, स्वतः मोजा. सुट्या रेणूच्या पी(२) आणि आर(०) मधलं अंतर २.३४१ आहे. आच्छादित तुकडे जोडत त्यामधल्या फ्रिंज मोजा, साधारण १४५ येतील. एक फ्रिंज चुकली तर ०.०१६ ची चूक, म्हणजे तुमच्या रेषेच्या रुंदीच्या सातआठपट.

संदर्भ-सेलमध्ये (टप्पा ४ चाच दहा सेंटिमीटरचा सेल) इथे १ मिलिबार नको, रेषेचा मध्यच सापडणार नाही. ०.०५ मिलिबार पुरे. मधल्या मोकळ्या जागेत आधार हवा असेल तर वेगळ्या लांब सेलमध्ये जास्त दाबाला कार्बन डायऑक्साइडच्या हॉट-बँड रेषा (आधीच कंपन करणाऱ्या रेणूंच्या) उमटतात. त्यांची स्थानं हायट्रान डेटाबेसमध्ये मिळतात.

टप्पा ९: रेषा ओळखणं, आणि मगच फिट

फिटिंगचा प्रोग्रॅम अजून उघडू नका. आधी हाताने.

१. २३४९.०१ पाशी क्यू-शाखेचा (जे न बदलणाऱ्या रेषांचा) गुच्छ शोधा. तो वरच्या बाजूला उघडत जातो: जे १ पासून ४ पर्यंत साधारण २३४९.०१, .०२, .०४, .०६.

२. त्याच्या वर २३४९.१३ ला आर(०), खाली २३४८.७६ ला पी(२). मधे पी(१) नाही: वरच्या अवस्थेत के १ आहे, त्यामुळे जे ० ची पातळीच नाही. ही रिकामी जागा म्हणजे ओळखीची खूण.

३. आता एकाच वरच्या पातळीवर पोचणाऱ्या दोन रेषांमधला फरक काढा. आर(०) वजा पी(२) हा बी आणि सी च्या सरासरीच्या सहापट असतो, सुमारे ०.३६७. आर(१) वजा पी(३) दहापट, सुमारे ०.६१. आर(२) वजा पी(४) चौदापट, सुमारे ०.८६. या फरकात वरच्या अवस्थेचा काहीच भाग नाही. तो निव्वळ खालच्या अवस्थेचा आहे, आणि ती मायक्रोवेव्ह मोजणीवरून आधीच अचूक माहीत आहे.

तिसऱ्या पायरीला पाच मिनिटं लागतात. जे चा क्रमांक एकाने चुकला असेल तर तो इथे लगेच सापडतो. हे न करता सगळ्या रेषा प्रोग्रॅममध्ये ओतल्या, तर प्रोग्रॅम चुकीच्या क्रमांकालाही कसंबसं जुळवून देतो आणि विरूपणाचे स्थिरांक (फिरताना संकुल किती ताणलं जातं त्याचे आकडे) वाटेल तसे फुगवतो. फिटमधला असा स्थिरांक मायक्रोवेव्हच्या आकड्यापेक्षा दहापट मोठा आला तर रेणूला दोष देऊ नका.

मग पीगोफर, म्हणजे फिटिंगचा प्रोग्रॅम, उघडा. खालच्या अवस्थेचे सगळे स्थिरांक मायक्रोवेव्हच्या आकड्यांवर गोठवा. स्पिनच्या वजनात सम के ला १ आणि विषम के ला ० द्या. हे विसरलं की प्रोग्रॅम नसलेले उपपट्टे काढून दाखवतो आणि तुम्ही ते शोधत बसता. आधी फक्त के ० वरून १ च्या रेषा घेऊन उगम आणि बी, सी मोकळे सोडा. ए मोकळा सोडू नका: एकाच उपपट्ट्यात उगम आणि ए एकमेकांना इतके चिकटलेले असतात की दोघेही मिळून कुठेही वाहत जातात. के २ वरून १ च्या किमान चार-पाच स्वच्छ रेषा हातात आल्या की ए सोडा. त्यांतल्या सुट्या रेणूच्या पी(२) च्या सावलीत पडलेल्या रेषा घेऊ नका, कितीही मोह झाला तरी.

उंचीही बघा. के २ ची पातळी के ० च्या सुमारे १.३४ वर आहे आणि २ केल्व्हिनला केटी १.३९. म्हणजे के २ वरून निघणाऱ्या रेषा ठळक दिसायला हव्यात. त्या अगदीच नसतील तर एकतर झोत फारच थंड आहे किंवा तुम्ही ओळखलेला पहिला उपपट्टा तुम्हाला वाटतो तो नाही. संकुलाचं तापमान सुट्या रेणूच्या तापमानाइतकंच यावं असा आग्रह मात्र धरू नका. ते वेगळं येऊ शकतं.

*तपासणी:* फिटनंतर उरलेली चूक रेषेच्या रुंदीच्या एक दशांशाच्या आसपास असावी, आणि जे वाढेल तशी एकाच बाजूला झुकू नये. झुकत असेल तर टप्पा ८ मधल्या फ्रिंज परत मोजा.

फिट बसल्यावर ग मधल्या काही रेषा बेवारस उरतील. आर्गॉन ४ वरून २ टक्क्यांवर आणा. आपल्या रेषा निम्म्या झाल्या आणि उरलेल्या चौथाईवर आल्या, तर त्या दोन आर्गॉनच्या संकुलाच्या आहेत. त्यांची यादी वेगळी ठेवा, आणि क, ख, घ चे स्पेक्ट्रम ग च्याच फोल्डरमध्ये, मिश्रण भरल्याच्या तारखेसकट.